बंद मुलखातील पाळणे

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपुरापाशी डोंगराची संगत सोडून सपाटीस लागते, महाडजवळ गांधारीला पोटात घेते आणि तेथून पुढे भरती-ओहोटीच्या अधीन होऊन, कधी नदी तर कधी खाडी अशा दुहेरी रूपाने बाणकोटास समुद्राला मिळते. या दुहेरी रूपाच्या टापूला त्या भागात खाडीपट्टा म्हणतात, आणि तुडील हे महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातील एक गाव. पूर्वेस वरंध, पार आणि आंबेनळीचे घाट, दक्षिणेस कशेडीचा डोंगर, पश्चिमेस खाडीपलीकडे जंजिऱ्याच्या सिद्दीचा हबसाण, आणि चार महिने सर्व वाटा बुडवून टाकणारा पाऊस, अशा चौकटीत हा मुलूख शतकानुशतके बसलेला होता. येथे येणाऱ्याला भरतीची वेळ पाहून मचव्यातून यावे लागे, आणि येथून जाणाऱ्याला एक तर ओहोटीची वाट पाहावी लागे किंवा घाट चढण्याइतके पायात बळ असावे लागे.

अशा मुलखांचा इतिहास लिहिताना आपण वेढे, तह, वसूल आणि वतने यांची कागदपत्रे धुंडाळतो. परंतु तेथील माणसे हसण्याखेळण्यासाठी कोठे जमत, कोणाच्या हुकमाने जमत, आणि परका मनुष्य तेथे येऊन पोहोचला तर त्याला काय दाखविले जाई, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मला तो प्रश्न उत्तर कोरियामुळे सुचला. आजच्या जगात ज्या देशाचे दरवाजे सर्वांत घट्ट लावलेले आहेत, त्या देशाच्या प्योंगयांग या राजधानीत आकाशपाळण्यांची आणि पाण्याच्या खेळांची अनेक मोठी उद्याने आहेत, आणि जे थोडे परदेशी प्रवासी त्या देशात जाऊन येतात त्यांना ती आवर्जून दाखविली जातात. स्वतःच्या प्रजेला एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यास परवाना घ्यावयास लावणारी राजवट पाळणे उभारण्यात इतका जीव का ओतते, याचा उलगडा प्योंगयांगच्या वर्णनांपेक्षा सावित्रीच्या खोऱ्याच्या भूतकाळातून अधिक होतो असे माझे मत आहे, कारण हे खोरेही एके काळी असाच एक बंद मुलूख होते.

त्या बंदपणाचे पहिले नाव जावळी. विजापूरकरांच्या नावाने चंद्रराव हा किताब मिरविणारे मोरे घराणे पिढ्यानुपिढ्या त्या अरण्यात राज्य करीत होते, आणि त्यांचे खरे सामर्थ्य फौजेत नसून झाडीत होते. ज्याला वाटा ठाऊक नाहीत त्याला सैन्य असूनही शिरकाव नव्हता. १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्याच वर्षी रायरी, म्हणजे पुढचा रायगड, हीही घेतली. परंतु मोऱ्यांचा तो गुप्ततेचा धडा त्यांनी टाकून दिला नाही, उलट त्याला राज्यव्यवहाराचे रूप दिले. महाराजांच्या हाताखाली तयार झालेले रामचंद्रपंत अमात्य यांनी पुढे आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे लिहून ठेवले आहे ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे: गडाभोवतीची झाडी तोडू देऊ नये, मार्ग सुगम असू देऊ नयेत, चोरदिंड्या ठेवाव्यात, आणि समुद्रमार्गाने व्यापारास येणाऱ्या टोपीकरांना खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये. सावित्रीसारख्या खाडीचे मुख परक्याच्या हाती गेले तर आतला सारा मुलूख उघडा पडतो, हे त्या मुत्सद्द्याने नेमके ओळखले होते.

या बंद मुलखात परका पाहुणा आला म्हणजे काय होई, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याकडे आहे. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईच्या इंग्रजांनी हेन्री ऑक्झिंडन यास राज्याभिषेकाचे निमित्त साधून तहाच्या वाटाघाटीसाठी रायगडास पाठविले; बरोबर दुभाषा म्हणून नारायण शेणवी होता. चौलच्या बाजूने उतरून, घाटघळी ओलांडून ही मंडळी गडाच्या पायथ्याशी पाचाडास आली आणि तेथेच थांबली, कारण महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनास गेले होते आणि वर जाण्याचा हुकूम झाला नव्हता. हुकूम झाल्यावर वर नेऊन त्यांना बिऱ्हाड नेमून देण्यात आले. आणि ६ जूनच्या समारंभात त्यांना जे दिसले ते दिसावे अशीच योजना होती: सिंहासन, त्याभोवतीची राजचिन्हे, आणि दरवाजाशी उभे असलेले हत्ती. असल्या बिकट गडावर हत्ती चढले तरी कसे, याचे आश्चर्य त्या इंग्रज वकिलाने लिहून ठेवले आहे, आणि ते आश्चर्य त्याच्या मनात उत्पन्न व्हावे हाही त्या योजनेचाच भाग असला पाहिजे. गुप्ततेने राहणारे राज्य पाहुण्याला काही तरी भव्य दाखवून परत पाठविते, आणि तो ते भव्य दृश्य जगाला सांगत सुटतो तेव्हा गडाच्या वाटा त्याच्या ध्यानातून निसटलेल्या असतात.

परंतु त्या प्रवासाच्या वृत्तांतात एक लहानशी गोष्ट आहे, जी मला राज्याभिषेकाच्या वर्णनाइतकीच मोलाची वाटते. इंग्रजांना रोज मांस लागे, आणि त्यांना ते पुरविणारा खाटीक वृद्ध होता. कित्येक वर्षांत विकले गेले नव्हते इतके मांस या मूठभर परक्यांनी थोड्या दिवसांत खाल्ले, तेव्हा अशी माणसे आहेत तरी कशी हे डोळ्यांनी पाहण्यासाठी तो म्हातारा एवढा गड चढून वर आला. सोहळा पाहायला आलेले पाहुणे येथे स्वतःच सोहळा झाले. बंद मुलखात परका येतो तेव्हा पाहणे असे दोन्ही बाजूंनी चालते, आणि राजाने योजलेल्या दृश्याच्या शेजारी प्रजेने आपल्या पायांनी चढून येऊन पाहिलेले एक दुसरे दृश्य असते, ज्याची नोंद दरबारात होत नाही.

अमात्यांनी ज्याची भीती बाळगली ते अठराव्या शतकात घडले. १७५५ साली आंग्र्यांच्या विरुद्धच्या मोहिमेत बाणकोट इंग्रजांच्या हाती पडले, पुढल्याच वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले, आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. खाडीचे मुख गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १७७१ च्या सुमारास, कंपनीच्या नोकरीतला जेम्स फोर्ब्स आपल्या मित्रांसह सावित्रीच्या पात्रातून दासगावच्या बाजूस आला, तो लढण्यासाठी अथवा तहासाठी न येता निव्वळ हवापालटासाठी आला. त्याला तेथील गरम पाण्याच्या झऱ्यांचा गुण घ्यावयाचा होता. सव येथील ते झरे अजून वाहत आहेत. फोर्ब्सने आपल्या आठवणींच्या ग्रंथात या परिसराचे मोठ्या प्रेमाने वर्णन केले आहे. सुखासाठी, आरोग्यासाठी आणि निव्वळ पाहण्यासाठी या खोऱ्यात येऊन गेलेल्या परदेशी माणसाचे इतके जुने दुसरे वर्णन माझ्या वाचनात नाही.

त्यापुढच्या काळात महाड हे मराठी राज्यकर्त्यांचे सुखस्थान होण्याऐवजी आश्रयस्थान झाले. १७९६ साली नाना फडणीस पुण्याच्या कारस्थानांपासून दूर येथे येऊन राहिले आणि येथूनच त्यांनी आपला डाव परत जुळवून आणला. १८०२ च्या अखेरीस होळकरांकडून पराभूत झालेला दुसरा बाजीराव याच वाटेने पळाला आणि समुद्रमार्गे वसईस गेला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी तोफांनी रायगड पाडला, आणि जो गड पाहण्यास एके काळी हुकूम लागत असे तो झाडाझुडपांत बुजून गेला; आता तो बंद राखण्याची कोणास गरजही उरली नव्हती. महात्मा फुल्यांनी तेथे जाऊन शिवाजी महाराजांच्या समाधीचा शोध घेतला, आणि १८९६ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने तेथे उत्सव भरला, तेव्हापासून रायगड पुन्हा लोकांच्या पायाखाली आला. १९९६ पासून तर पाळण्यात बसून चार-पाच मिनिटांत वर जाता येते. त्या दोरमार्गाच्या डब्यातून खाली पाहणाऱ्या मुलांचा आरडाओरडा ऐकला म्हणजे पाचाडास हुकमाची वाट पाहत बसलेला ऑक्झिंडन मनात येतो.

आता या मुलखाच्या स्वतःच्या करमणुकीकडे वळू. तिचे मुख्य स्थान महाडचे वीरेश्वराचे देऊळ, आणि तिचा मुख्य काळ महाशिवरात्रीला लागून येणारा छबिना. आसपासच्या गावांच्या ग्रामदेवता पालख्यांतून वीरेश्वराच्या भेटीस येतात, त्यांच्यापुढे उंच सासनकाठ्या नाचविल्या जातात, खालूबाजा रात्रभर वाजत राहतो, आणि विन्हेऱ्याची झोलाई येऊन पोहोचली म्हणजे त्या रात्रीला पूर्णता येते. काठी कोणी धरावयाची, पालखीस खांदा कोणी द्यावयाचा, कोणत्या गावाने कोणामागून चालावयाचे, हे सर्व वहिवाटीने ठरलेले असते. या मानपानांवरून गावोगावी तंटे झाले आहेत, कज्जे कचेरीपर्यंत गेले आहेत, आणि बाहेरच्या माणसाला ते पाहून नवल वाटते. परंतु त्या तंट्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी विसरता कामा नये. हा सोहळा कोणा राजाने फर्मान काढून सुरू ठेवलेला नाही. निजामशाही गेली, आदिलशाही गेली, छत्रपती व पेशवे झाले, कंपनी आली आणि गेली. छबिना गावांनी आपापल्या काठ्यांच्या बळावर चालविला, आणि ज्याचा मान त्याची जबाबदारी, या न्यायाने त्याचा खर्चही गावांनीच सोसला. काठी न आणणाऱ्या गावास दंड करणारा कोणी सुभेदार नसे. गावाची लाजच त्यास पुरी होई. अर्थात ही लाजही एक सक्तीच आहे, आणि शिमग्याला मुंबईहून गावी न येणाऱ्या चाकरमान्याला तिचा दाब किती असतो हे त्यालाच विचारावे. तरी हुकमाची सक्ती आणि लाजेची सक्ती यांत अंतर आहे. पहिलीपुढे मनुष्य एकटा असतो, दुसरीच्या बाबतीत तो भांडू शकतो, रुसू शकतो, आणि पुढल्या वर्षी परत येऊ शकतो.

देवाच्या भेटीच्या या सोहळ्याला लागूनच बाजार भरतो: रेवड्या-बत्ताशांची पाले, कासारांच्या बांगड्या, मातीची व पुढे पत्र्याची खेळणी, आणि सर्वांच्या वर उठून दिसणारा पाळणा. दोन खांब, त्यांवर टाकलेला आडवा आस, आसाला फुलीसारखे जोडलेले लाकडी आरे आणि आऱ्यांच्या टोकांना टांगलेल्या चार पेट्या, असा तो जुना पाळणा असे, आणि पाळणेवाला तो हाताने फिरवी. बागायतीला पाणी देणाऱ्या रहाटाचीच ही घडण; जो सुतार वाडीवरचा रहाट बांधी त्याला जत्रेचा पाळणा जड नव्हता. कोकणात कित्येक देवींच्या जत्रेत फिरविली जाणारी लाट हीही याच घराण्यातली. उभ्या खांबावर आडवे लाकूड, आणि त्याच्या टोकाला नवस फेडणारा मनुष्य. नवसाचे यंत्र आणि मौजेचे यंत्र यांचे असे सख्य पाहिले म्हणजे आपल्या पूर्वजांनी भक्ती आणि खेळ यांच्यामध्ये आजच्याइतकी जाड भिंत घातली नव्हती हे ध्यानात येते. चक्रपाळण्याची ही कल्पना जगात फार जुनी आहे. सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी तुर्कांच्या मुलखात असे पाळणे पाहून त्यांची वर्णने लिहून ठेवली आहेत. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस याने २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र उभारले आणि त्याच्या ३६ डब्यांत एका वेळी दोन हजारांहून अधिक माणसे बसविली, तेव्हा जगाला ते नवे वाटले. नवे होते ते त्याचे पोलाद आणि त्याची वाफ. आपल्याकडे लोखंडी आकाशपाळणे आले तरी कित्येक वर्षे ते माणसांच्याच बळावर फिरत होते: दोन-तीन पोरे आऱ्यांवरून माकडासारखी वर चढत आणि वरच्या पाळण्याला लोंबकळून आपल्या वजनाने चक्र खाली ओढीत. पुढे डिझेलचे इंजिन आले, जनरेटर आले आणि मौत का कुआँ आला.

खाडीपट्ट्यातील माणसांच्या करमणुकीचे दुसरे टोक महाडात नसून मुंबईत होते. या पट्ट्यातले कोकणी मुसलमान जहाजांवर खलाशी म्हणून गेले, आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागले, पुढे आखाती देशांत गेले; आणि त्यांच्या मनात माहीमच्या मखदूम अली महाइमींच्या उरुसाला जे स्थान आहे ते कोणत्याही जत्रेहून कमी नाही. १४३१ साली निवर्तलेल्या, कुराणावर अरबी भाष्य लिहिणाऱ्या या कोकणी विद्वान साधूच्या दर्ग्यावर डिसेंबरात दहा दिवस उरूस भरतो, पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो, आणि शेजारच्या चौपाटीवर जे पाळणे उभे राहतात ते शहरातल्या मोठ्या पाळण्यांपैकी असतात. महाडचा छबिना असो की माहीमचा उरूस, क्रम एकच: आधी दर्शन, मग पाळणा.

हा क्रम प्योंगयांगातही पाळला जातो, आणि तेथेच त्या देशाच्या पाळण्यांचे मर्म आहे. कोरियाला परके लोक संन्याशासारखे एकांतवासी राष्ट्र म्हणू लागले ते एकोणिसाव्या शतकात. १८८२ साली ग्रिफिस या अमेरिकन लेखकाने त्या देशावरील आपल्या पुस्तकालाच तसे नाव दिले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याचे दोन तुकडे झाले, पुढे त्या तुकड्यांत युद्ध पेटले, २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाला, आणि त्यानंतर युद्धकैद्यांच्या रक्षणासाठी भारताने जी फौज तेथे पाठविली तिचे नेतृत्व शंकरराव पांडुरंग पाटील थोरात या मराठी सेनानीने केले. ज्या प्रदेशातील फौजी आंबवड्यासारखी गावे सैन्यासाठीच प्रसिद्ध आहेत, त्या महाडकरांना त्या मोहिमेची आठवण करून द्यावयास हवी असे नाही. शस्त्रसंधीच्या त्या रेषेच्या उत्तरेस मात्र त्यानंतर जो पडदा पडला तो पुन्हा मोकळेपणाने उठला नाही.

त्या पडद्याआड १९७७ मध्ये तैसोंग टेकडीच्या पायथ्याशी पहिले मोठे उद्यान झाले. १९८२ मध्ये, म्हणजे त्या राज्याचे संस्थापक किम इल-सुंग यांच्या सत्तराव्या वर्षी, मांग्योंगदे येथे दुसरे झाले. मांग्योंगदे हे त्यांचे जन्मस्थान, तेथील गवताच्या छपराचे घर राष्ट्राचे तीर्थ म्हणून जपले जाते, आणि तीर्थाजवळ पाळणे हा जगभरचा न्याय तेथेही लागू पडला. मग नव्वदीच्या दशकातला भीषण दुष्काळ आला, लक्षावधी माणसे अन्नावाचून तडफडली, आणि पाळणे गंजत उभे राहिले. २०१० साली राजधानीच्या मध्यभागी, विजयकमानीजवळ, केसोन उद्यान इटलीहून आणलेल्या नव्या यंत्रांसह पुन्हा उघडले. अंधारलेल्या शहरात रात्री झगमगणारे ते उद्यान परदेशी पाहुण्यांना दाखविण्याच्या यादीत वरच्या जागी बसले. मे २०१२ मध्ये नव्याने गादीवर आलेल्या किम जोंग-उन यांनी मांग्योंगदेच्या उद्यानास भेट दिली, फरशीच्या फटींत उगवलेले गवत आपल्या हाताने उपटले आणि अधिकाऱ्यांना रागे भरले. आणि ही हकीकत त्यांच्याच सरकारी वृत्तसंस्थेने देशाला सांगितली. जेथे सत्ताधीशाची चूक कधी छापली जात नाही तेथे ही बातमी छापण्यामागे हेतू उघड आहे: प्रजेच्या मौजेचा मालक कोण, आणि तिच्यात कसूर झाली तर दाद कोण देतो, हे लोकांच्या मनावर बिंबविणे. त्याच वर्षी २५ जुलैला तेदोंग नदीतील रुंगना बेटावर नवे उद्यान उघडले गेले, आणि त्या समारंभातच किम यांच्या पत्नीची ओळख देशाला प्रथम करून देण्यात आली. परदेशी वकिलातींतील मंडळीही त्या दिवशी नव्या यंत्रांत बसून फिरली; ऑक्झिंडनला हत्ती दाखविले गेले, यांना पाळणे. २०१३ च्या ऑक्टोबरात मुन्सू येथे पाण्याच्या खेळांचे प्रचंड उद्यान झाले, आणि त्याच्या प्रवेशद्वाराच्या दालनात, पोहण्याचा पोशाख चढविण्याच्याही आधी, किम जोंग-उन यांचे दिवंगत वडील किम जोंग-इल यांच्या पुतळ्याचे दर्शन घडते.

परदेशी प्रवाशाला या उद्यानांत एकटे जाता येत नाही. दोन मार्गदर्शक सतत बरोबर असतात, आणि केसोनला पोहोचल्यावर ते त्याला रांगेच्या अग्रभागी नेऊन बसवितात, मागे तास तास उभी असलेली स्थानिक मंडळी निमूटपणे पाहत राहतात. ज्यांनी हा अनुभव घेतला त्यांच्यातील बहुतेकांना त्या क्षणी संकोच वाटल्याचे त्यांनी लिहिले आहे, आणि तरीही पाळणा वर गेल्यावर आपण आणि शेजारचा कोरियन कामगार एकाच वेळी किंचाळलो, हे सांगायला ते विसरत नाहीत. तो कामगार पाहुण्याकडे पाहतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत रायगड चढून आलेल्या त्या खाटकाचे कुतूहल असते याविषयी मला शंका नाही. त्याचा आनंद खोटा आहे, सारे लोक नाटक करीत आहेत, असे लिहिणाऱ्या प्रवाशांशी मी सहमत नाही. उंचावरून पोटात उठणाऱ्या गोळ्याला राजकारण ठाऊक नसते. अन्याय आनंदात नाही, तो आनंदाच्या दारात आहे: आज तुमच्या कारखान्याची पाळी, उद्या त्यांच्या, असे जेथे ठरवून मिळते, तेथे मनुष्याला पाळण्यात बसता येते पण न येण्याचे स्वातंत्र्य राहत नाही. २०२० च्या जानेवारीपासून तर त्या देशाने आपली दारे रोगाच्या भयाने पार मिटून घेतली, आणि २०२५ च्या जुलैत वोन्सान येथे समुद्रकाठचे भव्य विहारस्थळ खुले केल्यावर काही दिवसांतच परदेशी प्रवाशांना तेथे तूर्त प्रवेश नाही असे जाहीर केले.

मुन्सूचे उद्यान झाले त्याच २०१३ साली आपल्या रायगड जिल्ह्यातही, खोपोलीजवळ, इमॅजिका हे मोठे उद्यान उघडले. त्याच्या दारात पुतळ्याचे दर्शन घ्यावे लागत नाही, तिकीट घ्यावे लागते. आणि तुडीलसारख्या गावातील कुटुंबाला ते तिकीट परवडेल की नाही हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. जत्रेच्या पाळण्याचे भाडे नेहमीच गरिबाच्या चिमटीत बसणारे राहिले, म्हणून जत्रा मला अधिक न्यायाची वाटते.

परंतु दाराचा विषय काढल्यावर वीरेश्वराच्या दारापाशी थांबल्यावाचून पुढे जाता येणार नाही. छबिना गावांनी चालविला हे खरे, पण गावाची सीमा गावकुसापाशी संपत होती, आणि महारवाड्यातील माणसांना त्या उत्सवात मान दूरच, देवळाची पायरी आणि तळ्याचे पाणीही नव्हते. याच तालुक्यातील रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकातच याविरुद्ध लेखणी उचलली होती. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला, महाड नगरपालिकेने पुढल्या वर्षी चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले, परंतु कागदावरचे खुलेपण पाण्यापर्यंत पोहोचले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर तासा-दोन तासांत शहरात एक कंडी पिकली: हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. त्या एका अफवेवर परिषदेच्या मंडपात जेवत बसलेल्यांवर आणि गावोगाव परतणाऱ्यांवर काठ्या पडल्या. ज्या देवाच्या भेटीस काठ्या नाचवीत यावयाचे, त्याच्या नावाने त्या दिवशी माणसांची डोकी फोडली गेली, ही गोष्ट छबिन्यावर लिहिणाऱ्याने लपविता कामा नये. बंद मुलूख केवळ डोंगरांनी आणि खाड्यांनी बनत नाही, एकाच गावात, एकाच तळ्याच्या काठी, तो बनविता येतो.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा परिषदेच्या मंडपासाठी जागा देण्यास शहरातील हिंदू तयार होईनात, आणि एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. मोटारवाले नेण्यास नकार देतील हे ओळखून बाबासाहेब धरमतरच्या वाटेने आले नाहीत; २४ डिसेंबरला मुंबईहून पद्मावती बोटीने प्रतिनिधींसह निघून ते हरिहरेश्वरास आले आणि तेथून याच सावित्रीच्या खाडीने दासगावच्या धक्क्यास उतरले, मग पाच मैल चालत महाडास गेले. ऑक्झिंडनला पाचाडास जसे थांबावे लागले तसे त्यांना थांबविण्याचा प्रयत्नही झाला: तळ्याबाबत न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम त्यांच्यापुढे होता, आणि त्यांनी तो मानून तळ्यावर न जाता २५ तारखेस मनुस्मृतीचे दहन केले. तळ्याचा दावा त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकालात काढला.

आता दर वर्षी २० मार्चला महाडास जो समुदाय जमतो तो छबिन्याहून लहान नाही. रात्रीच्या गाड्यांनी, ट्रकांतून, पायी माणसे येतात, तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेतात, आणि मग रस्त्याच्या दुतर्फा मांडलेल्या दुकानांकडे वळतात. तेथे पुस्तके असतात, जलसे असतात, भेळ आणि उसाचा रस असतो, लहान मुलांसाठी फुगे आणि भिरभिरी असतात. फाल्गुनातला छबिना आणि मार्चातला हा मेळा यांच्यामध्ये बहुधा फारसे अंतर नसते, आणि ज्या वर्षी ते अगदी जवळ येतात त्या वर्षी फिरते खेळणीवाले आपले पाल महाडातच काही दिवस अधिक ठेवतात.